एक नंबर, दोन गाड्या: जुन्या रेसिंग कारची खरी ओळख कशी शोधायची

इंजिनामागच्या पत्र्यावर चार रिव्हेटांनी ठोकलेली अल्युमिनियमची छोटी पट्टी आणि तिच्यावर कोरलेला चेसिस नंबर. जुनी रेसिंग कार घेणारे बहुतेक जण ही पट्टी पाहून गाडी ओळखतात आणि फसतातही तिच्यापाशीच. चार रिव्हेट काढून पट्टी दुसऱ्या गाडीवर बसवायला दहा मिनिटं पुरतात. पट्टी म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. जमीन प्रत्यक्षात कोणाकडे होती, मधे कोणते फेरफार झाले, हद्द कुठे सरकली, हे नावावरून कळत नाही. त्यासाठी जुने उतारे काढावे लागतात आणि बांधावरही जावं लागतं.

इथली पद्धत साधारण १९२५ ते १९७० या काळातल्या युरोपीय आणि अमेरिकी शर्यतीच्या गाड्यांसाठी आहे: बुगाटी, बेंटली, मासेराती, फेरारी, जॅग्वार, लोटस, ब्रॅबहॅम, फोर्ड जीटी४० वगैरे.

पहिलं काम: प्रश्न नीट मांडा

‘ही गाडी खरी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. शर्यतीची गाडी हे हत्यार होतं. बोथट झालं की धार लावायची, तुटलं की दांडा बदलायचा. एका हंगामात दोन-तीन इंजिनं, हिवाळ्यात नवी बॉडी, अपघातानंतर नवी फ्रेम, हे सगळं नेहमीचं होतं. म्हणून प्रश्न असा लिहून काढा: अमुक तारखेला अमुक शर्यतीत धावलेल्या गाडीतले कोणते भाग आज या गाडीत आहेत, आणि मधल्या काळात ते कुठे होते?

या प्रश्नावर लंडनच्या हायकोर्टात १९९० साली गाजलेला खटला झाला. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स ‘ओल्ड नंबर वन’, ले माँ या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीची १९२९ आणि १९३० ची विजेती. १९३२ मध्ये तिला ८ लिटरचं इंजिन बसवलं आणि त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. नंतर ती रस्त्यावरची गाडी म्हणून पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये १ कोटी पौंडांना सौदा ठरला, आणि घेणाऱ्याने आक्षेप घेतला की ही ती गाडीच नव्हे. १९२९ चे भाग तिच्यात खरोखरच फार थोडे उरले होते. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. भाग बदलत गेले, पण अशा गतीने आणि इतक्या काळात की कुठल्याही टप्प्यावर गाडीची ओळख तुटली नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही, हा त्यांचा मुद्दा होता. या निकालातून कामाच्या दोन कसोट्या मिळतात: सलगता आणि दुसरा दावेदार नसणं. पुढचं सगळं काम या दोन कसोट्यांभोवती फिरतं.

नंबर का बदलले जायचे?

फसवणूक हे कारण बहुतेक वेळा नंतरचं. गाड्या धावत होत्या तेव्हाची कारणं साधी आणि व्यावहारिक होती.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे सीमाशुल्क. संघ दर आठवड्याला सीमा ओलांडायचे. गाडी ‘कार्नेट’ नावाच्या कागदावर देशात शिरायची आणि त्याच नंबराने बाहेर पडावी लागायची. सोमवारी दुसऱ्या देशात पोचायचंय, ज्या गाडीचा कार्नेट तयार आहे ती अपघातात मोडलीय, तर मेकॅनिक तिची पट्टी काढून राखीव गाडीवर ठोकायचे. कधी पट्टी परत जागेवर यायची, कधी तशीच राहायची. म्हणजे कार्नेटवरचा नंबर हा सीमा कोणता कागद ओलांडून गेला याचा पुरावा आहे. गाडी कोणती होती हे त्यावरून ठरत नाही.

दुसरं कारण कर. नवी गाडी म्हटलं की कर आला, जुनीच दुरुस्त केली म्हटलं की नाही. त्यामुळे नव्या फ्रेमवर जुना नंबर राहायचा. उलटही व्हायचं: कारखाना गेल्या हंगामाची गाडी आवरून-सावरून, नवा नंबर देऊन, गिऱ्हाइकाला ‘नवी’ म्हणून विकायचा. मासेराती २५०एफच्या नंबरांचा गुंता यातूनच झाला. शिवाय शर्यतीत उतरण्याबद्दल आयोजक जे पैसे द्यायचे ते प्रसिद्ध गाडी पाहून द्यायचे, तेव्हा साध्या गाडीवर प्रसिद्ध गाडीचा नंबर लावणंही सोयीचं होतं.

काही वेळा ओळख उघडपणे, अधिकृतरीत्या बदलली. जीटी४० पी/१०७४ ही आधी मिराज एम.१०००३ होती. तिने १९६७ ची स्पाची १००० किलोमीटरची शर्यत जिंकली, मग नियम बदलल्यामुळे ती जीटी४० म्हणून पुन्हा बांधली गेली. पुढे चित्रीकरणासाठी कॅमेरा बसवायला तिचं छप्पर कापलं आणि नंतरच्या मालकाने ते पुन्हा बांधलं. दोन नावं आणि दोन छपरं असूनही धातूचा धागा एकच राहिला आणि कागदांवर दिसत राहिला, म्हणून २०१२ च्या लिलावात तिला १ कोटी १० लाख डॉलर मिळाले. बदल होणं हा दोष नसतो. लपवलेला बदल हा दोष असतो.

खरे लबाड नंबर १९७० नंतरचे. भाव चढले तशा भंगारात पडलेल्या मोडक्या फ्रेमा सोन्याच्या झाल्या.

दुसरं काम: या गाडीत ओळख कुठल्या भागात असते?

हे ब्रँडनुसार बदलतं. गाडी पाहायला जाण्याआधी ते पाठ हवं.

बुगाटी टाइप ३५ मध्ये एकाच गाडीवर बरेच नंबर असतात. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या) मागच्या पायावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, आणि चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर फ्रेमचा स्वतंत्र नंबर. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलवरही नंबर असतात. हे आकडे सारखे नसतात, नसावेतच. कोणता फ्रेम नंबर कोणत्या गाडीला लागला, याची तुलना इंग्लंडमधल्या प्रेस्कॉटच्या बुगाटी ट्रस्टसारख्या संग्रहांतून करता येते. चेसिस नंबर आणि फ्रेम नंबर एकमेकांशी काळाने जुळत नसतील, तर गाडीला दुसऱ्या गाडीची फ्रेम बसलीय. टाइप ३५ चा प्रत्येक भाग आज नवा बनवून मिळतो. अर्जेंटिनात तर पूर्ण गाड्या बनतात. त्यामुळे इथे ‘सगळे भाग बुगाटीचे दिसतात’ याला काडीचा अर्थ नाही.

फेरारीत चेसिस नंबर फ्रेमच्या नळीवर ठोकलेला असतो. इंजिनावर इंजिन नंबर असतो आणि शिवाय ‘नुमेरो इंतेर्नो’ म्हणजे कारखान्याचा अंतर्गत क्रमांक. हा अंतर्गत क्रमांक सोन्याचा. फेरारीच्या त्या काळच्या पद्धतीत रस्त्याच्या आणि जीटी गाड्यांना विषम, तर निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम नंबर असत. म्हणून २५० जीटीओचे नंबर विषम आहेत: ३४१३जीटी, ४१५३जीटी. बॉडी बनवणाऱ्या स्कालिएत्तीचे आकडे बॉनेट, दरवाजे यांच्या आतल्या बाजूला सापडतात. ते चेसिस नंबराशी जुळण्याची अपेक्षा नको. बॉनेट, दरवाजे आणि डिकीचं झाकण एकमेकांशी जुळतात का ते पाहा.

जॅग्वार डी-टाइपमध्ये मधली टब (चालक बसतो तो पत्र्याचा भाग) आणि पुढची सबफ्रेम (इंजिन धरणारी चौकट) हे दोन वेगळे जीव. नंबर पुढच्या सबफ्रेमवर ठोकलेला, पट्टी वेगळी. १९५५ पासूनच्या गाड्यांत सबफ्रेम बोल्टने जोडलेली असल्याने ती सहज सुटते. आता कल्पना करा: अपघात झाला, नवी सबफ्रेम बसली, जुनी कोपऱ्यात पडली. पंचवीस वर्षांनी कोणीतरी ती घेऊन तिच्यामागे नवी टब बांधली. दोन गाड्या, एक नंबर, आणि दोन्हीकडे थोडं थोडं खरं.

ब्रिटिश स्पेसफ्रेम (नळ्या जोडून केलेल्या चौकटीच्या) गाड्यांमध्ये एक छान पळवाट आहे. ब्रॅबहॅमच्या अनेक फ्रेमा आर्च मोटर्स या कंपनीने बनवल्या, आणि तिने फ्रेमवर ‘एएम’ अक्षरांनी सुरू होणारा स्वतःचा क्रमांक ठोकला. पट्टी कोणीही बदलली तरी हा क्रमांक सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. तसंच, १९३० च्या दशकात स्कुदेरिया फेरारी या संघाने चालवलेल्या अल्फा रोमिओंवर ‘एसएफ’ शिक्के आहेत. नियम असा: गाडी बनवणाऱ्याच्या नंबरापेक्षा त्याला भाग पुरवणाऱ्याचा नंबर जास्त प्रामाणिक असतो, कारण तो खोटा करण्यात कोणाचा फायदा नव्हता.

तिसरं काम: दोन्ही टोकांकडून कागद

एक तक्ता करा. रकाने: तारीख, ठिकाण, मालक किंवा संघ, चालक, शर्यतीचा क्रमांक, रस्त्याचा नोंदणी क्रमांक, चेसिस नंबर आणि तो कोणत्या कागदावर आला, इंजिन नंबर, रंग व बॉडीची ठेवण, पुरावा, पुराव्याची श्रेणी. श्रेणी तीनच ठेवा. ‘अ’ म्हणजे त्या दिवसांतला कागद किंवा फोटो. ‘ब’ म्हणजे दहा वर्षांच्या आत लिहिलेलं. ‘क’ म्हणजे आठवणी, जाहिराती, लिलावाचे कॅटलॉग. लिलावाचं कॅटलॉग कितीही गुळगुळीत कागदावर छापलेलं असलं तरी ते ‘क’मध्येच. एका कॅटलॉगने दुसऱ्याची नक्कल केलेली असते, आणि चार ठिकाणी छापलेलं वाक्य मुळात एकाच माणसाने लिहिलेलं असतं.

भरायला सुरुवात दोन्ही बाजूंनी करा. कारखान्यातून पुढे आणि आजच्या मालकाकडून मागे. दोन्ही धागे जिथे भेटत नाहीत ती फट शोधणं हेच या सगळ्याचं सार. चार महिन्यांची हिवाळी फट चालते. दोन वर्षांची फट असेल तर तिथे काहीतरी घडलंय असं धरून चला.

कारखान्याच्या नोंदी: बेंटलीच्या जुन्या सर्व्हिस नोंदी ऑक्सफर्डशायरमधल्या रॉक्स्टनच्या डब्ल्यू. ओ. बेंटली मेमोरियल फाउंडेशनकडे आहेत, आणि फ्रेम केव्हा सरळ केली, ॲक्सल केव्हा बदलला हे त्यांत दिसतं. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट मूळ उत्पादन नोंदीचं प्रमाणपत्र देते. फेरारीकडे जोडणीची पत्रकं असतात. त्यांत इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल यांचे क्रमांक मिळतात. लक्षात ठेवा, ही पत्रकं गाडी दारातून बाहेर पडली त्या दिवसाची. तिसऱ्या शर्यतीनंतर काय झालं ते त्यांत नाही.

नोंदणीच्या नोंदी: इटलीत १९२७ पासून ‘पुब्लिको रेजिस्त्रो’ म्हणजे वाहनांची सार्वजनिक नोंदवही आहे, आणि तिथून मालकांचा कालक्रमाचा उतारा काढता येतो. मिले मिलिया किंवा तार्गा फ्लोरिओ या शर्यती रस्त्यावर व्हायच्या, म्हणून इटालियन स्पोर्ट्स गाड्यांना नंबरप्लेट असायची. हा मोठाच आधार. ब्रिटनमध्ये संगणकीकरणाआधी नोंदी काउंटी कौन्सिलांकडे होत्या. त्यातल्या उरलेल्या बऱ्याच ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टने जपल्या. जुनं खाकी लॉगबुक मिळालं तर शिक्क्यांच्या तारखा वाचा, नावं नंतर. इंजिन बदलल्याची हाताने केलेली नोंद, रंगाचा बदल, ‘निर्यात’ असा शिक्का यांत खरी गोष्ट असते. ज्या गाडीवर १९५८ चा निर्यातीचा शिक्का आहे ती १९६१ मध्ये त्याच देशात धावली असेल, तर परत आल्याचा कागद मागा.

शर्यतीच्या नोंदी: प्रवेशयादीवर भरवसा ठेवू नका. यादी शर्यतीच्या काही आठवडे आधी छापली जायची. तांत्रिक तपासणीची पत्रकं, जिथे अधिकाऱ्याने प्रत्यक्ष वाकून नंबर लिहिला, ती खरी. आणि सरावाची गाडी आणि शर्यतीची गाडी एकच होती हे गृहीत धरू नका. राखीव गाडीवर तोच क्रमांक रंगवून काम भागवणं नेहमीचं होतं.

चौथं काम: फोटो

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. कागद खोटा करता येतो, पट्टी बदलता येते, पण १९५६ च्या दुपारी पिटमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटवरचे रिव्हेट आज मागे जाऊन कोणालाही हलवता येत नाहीत.

त्या काळच्या बॉडी लाकडी ठोकळ्यावर आणि इंग्लिश व्हीलवर (पत्र्याला गोलाई देणाऱ्या चाकांच्या यंत्रावर) हाताने बडवलेल्या. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे रिव्हेट एका जागी येत नाहीत, डावं-उजवं मडगार्ड सारखं नसतं, हवेची भोकं एखाद्या सेंटिमीटरने सरकलेली असतात. म्हणून प्रत्येक फोटोत पाहायच्या दहा-बारा खुणा आधी ठरवून घ्या: बॉनेटच्या पट्ट्यांची जागा, इंधनाच्या झाकणाचा कोन, आरशाची भोकं, एग्झॉस्टभोवतीचा कापलेला पत्रा, रिव्हेटांच्या ओळीतली चुकीची एखादी गाठ, डॅशबोर्डवर बुजवलेली जुनी भोकं, टो हुक, जॅक लावायच्या जागा. डॅशबोर्ड विशेष मोलाचा. बॉडी चार वेळा बदलते, डॅशबोर्ड बऱ्याचदा तोच राहतो.

तीन चुका वारंवार होतात. एक, निगेटिव्ह उलटी छापलेली असते. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे आणि आकडे सरळ आहेत का हे आधी पाहा. दोन, फोटोखालची ओळ चुकीची असते. शर्यतीचा क्रमांक आणि चालक स्वतः पडताळा. तीन, ज्या दोन फोटोंची तुलना चालली आहे त्यांच्या मधे हिवाळा गेलेला असतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये नाकाचा आकारच बदलला असेल तर खुणा न जुळणं हा पुरावा नाही. त्याच हंगामातले, शक्यतो लागोपाठच्या दोन-तीन शर्यतींतले फोटो जुळवा.

अपघाताचे फोटो सर्वांत मौल्यवान. कुठे धक्का बसला ते दिसलं की गाडीत दुरुस्तीची खूण कुठे असायला हवी ते कळतं. ती खूण नसेल तर ही फ्रेम त्या अपघातात नव्हती. दुरुस्तीची खूण असणं ही इथे चांगली बातमी!

पाचवं काम: गाडीजवळ जाऊन

बरोबर घ्यायची सामग्री: ०.०१ मिमी वाचणारा डिजिटल कॅलिपर, पाच मीटरची स्टीलची टेप, ओळंबा, ६ ते ८ मिमीचा एंडोस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा), दंतवैद्याचा छोटा आरसा, कापडात गुंडाळलेलं चुंबक, रंगाची जाडी मोजणारा मीटर, पत्र्याची जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक मीटर, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, साधी टॉर्च, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल आणि साचा घ्यायची सिलिकॉन पुट्टी. रंगाचा मीटर अल्युमिनियमवर चालणारा हवा. निव्वळ चुंबकीय मीटर स्टीलवरच चालतो, आणि यातल्या बहुतेक बॉड्या अल्युमिनियमच्या आहेत.

आधी मोजमाप. ओळंबा सोडून चाकांचे मध्य जमिनीवर उतरवा आणि दोन्ही बाजूंचं व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, मोजा. हाताने बांधलेल्या गाडीत डाव्या-उजव्यात चार-पाच मिलिमीटर फरक नवलाचा नाही. व्हीलबेस बरोबर आला म्हणून मात्र खूश होऊ नका. २५० जीटीओचं व्हीलबेस २४०० मिमी, आणि जीटीओच्या बऱ्याच प्रतिकृती २६०० मिमीच्या २५० जीटीई या चारआसनी गाडीची फ्रेम २०० मिमी कापून बनवल्या आहेत. तेव्हा मुख्य नळ्यांवर मधल्या भागात बोट फिरवत जा. जोड घासून सपाट केला तरी आतल्या बाजूने, एंडोस्कोपमधून, वेल्डिंगची कड दिसते.

मग नळ्या. ब्रिटिश फ्रेम इंचात: १ इंच म्हणजे २५.४ मिमी. कॅलिपरवर सरळ २५.०० आलं तर नळी मेट्रिक, म्हणजे जवळजवळ नक्की नंतरची. जाडी गेजमध्ये: १६ गेज १.६३ मिमी, १८ गेज १.२२ मिमी, २० गेज ०.९१ मिमी. नवी फ्रेम बनवणारे टिकाऊपणासाठी एक गेज जाड नळी वापरतात; १८ च्या जागी १६ सापडली तर कान टवकारा. रंगाखाली मोजताय हे विसरू नका. जिथे रंग गेलाय तिथेच वाचन घ्या.

जोड पाहा. १९५० च्या दशकातल्या हलक्या ब्रिटिश फ्रेमांचे जोड बऱ्याचदा पितळी ब्रेझिंगचे, म्हणजे वितळलेलं पितळ भरून केलेले, असतात. कडेने सोनेरी कड दिसते. शिंतोडे उडालेली, फुगीर मिग वेल्डिंगची (सतत पुढे सरकणाऱ्या तारेने केलेल्या) रेघ त्या काळात बसत नाही. टिग (टंगस्टनच्या टोकाने केलेलं) वेल्डिंग त्या काळीही होतं, म्हणून एकट्या टिगवरून निष्कर्ष काढू नका. आणि नटबोल्ट. बुगाटीचे चौकोनी डोक्याचे बोल्ट कारखान्यातच बनत. १९५० च्या ब्रिटिश गाड्यांत बोल्टच्या आट्यांच्या बीएसएफ या जुन्या मापाकडून यूएनएफ या नव्या मापाकडे जाणारं मिश्रण असतं. डोक्यावर ‘८.८’ ठसा दिसला तर तो बोल्ट नंतरचा. एक बोल्ट काही सांगत नाही, पण न उघडता राहणारी जागा, उदाहरणार्थ स्टिअरिंगच्या कंसाच्या आतली, तिथेही तेच बोल्ट असतील तर सांगते.

रंग. मालकाची लेखी परवानगी घेऊन, लपलेल्या जागी, नाण्याएवढ्या गोलात ८००, मग १५००, मग २००० नंबरच्या पाणपेपरने पायरी-पायरीने घासा. वर्तुळासारखे थर उघडतात आणि ते तक्त्यातल्या रंगांच्या क्रमाशी जुळायला हवेत. लाल, हिरवा, निळा असा इतिहास सांगितला जातोय आणि खाली फक्त दोन थर आहेत, तर तो पत्रा तरी नवा आहे. ॲसिटोनचा बोळा ठेवला तर नायट्रोसेल्युलोज रंग विरघळतो. नंतरचा टू-पॅक (दोन द्रव मिसळून लावायचा) रंग तग धरतो. पूर्ण घासून, पत्र्यापर्यंत उघडून रंगवलेल्या गाडीत हा पुरावा कायमचा गेलेला असतो. म्हणून चकाचक गाडी पाहिली की उत्साह नको, थोडं वाईट वाटायला हवं.

शिक्क्यांचं वाचन

आरटीओत चेसिसची पेन्सिल छाप घेतात तशीच घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. सिलिकॉन पुट्टी दाबून साचा घ्या, मग अक्षराची खोली आणि तळ दिसतो. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून.

हाताने ठोकलेले आकडे ओळीत नसतात, एखादा खोल, एखादा तिरका. यंत्रासारखे सरळ आकडे संशयास्पद. पण खरी कसोटी शेजाऱ्यांशी तुलनेची: त्याच कारखान्यातल्या, क्रमाने जवळच्या, वाद नसलेल्या तीन-चार गाड्यांच्या शिक्क्यांचे फोटो मिळवा. आकडे ठोकायच्या पंचांपैकी एखादा ‘४’ किंवा ‘७’ कड तुटलेला असेल तर तो त्या महिन्यांतल्या सगळ्या गाड्यांवर तसाच उमटतो.

शिक्क्याभोवतीचा धातूही पाहा. घासल्याने खोलगट झालेली जागा, भोवती जाडी अचानक कमी, कडेला वेल्डिंगने भरलेला ठिपका. पुसलेला आकडा परत वाचता येतो, कारण ठोकल्यावर खालच्या स्टीलचे कण दबलेले राहतात आणि आम्लाचा हात फिरवला की ते वेगळे दिसतात. हे काम धातूच्या प्रयोगशाळेला द्या. घरी प्रयोग केला की पुरावा एकदाच दिसतो आणि मग जातो. कोर्टात तो तुमच्याविरुद्धही वापरला जाईल.

एक छोटा आकडा केवढी उलथापालथ करतो याचं उदाहरण २००७ चं. पॅरिसच्या लिलावासाठी आणलेली ऑटो युनियन टाइप डी ही १९३९ ची ग्रांप्री गाडी ऐनवेळी मागे घ्यावी लागली, कारण गाडीवर सापडलेला क्रमांक तिच्या सांगितलेल्या शर्यतींशी जुळेना. गाडी अस्सल ऑटो युनियन होती, यात शंका नव्हती. कोणती, हा प्रश्न होता.

दोन दावेदार निघाले तर

आधी हे स्वीकारा की दोघेही प्रामाणिक असू शकतात. एकाकडे टाकून दिलेली फ्रेम, दुसऱ्याकडे संघाने त्याच नंबराने पुढे चालवलेली गाडी. अशा वेळी तारीख धरून बोला: अपघातापर्यंत ओळख पहिल्या फ्रेमबरोबर, त्यानंतर सलग चालत राहिलेल्या गाडीबरोबर. टाकलेल्या फ्रेमवर पुढे बांधलेली गाडी त्या नंबराची वारस नाही. तिच्यात त्या गाडीचा एक खरा भाग आहे, इतकंच. हे मत सर्वांना पटत नाही, पण ओल्ड नंबर वनच्या निकालातला तर्क याच बाजूचा आहे. टिकाऊ तोडगा एकच: एका मालकाने दोन्ही गाड्या घेऊन खरे भाग एकत्र आणायचे आणि दुसऱ्या गाडीवरून नंबर लेखी करार करून काढायचा.

मालकी हा याहून वेगळा प्रश्न आहे. फेरारी ३७५ प्लस (चेसिस ०३८४ एएम) या गाडीच्या ओळखीबाबत फारसा वाद नव्हता. पण १९८० च्या दशकात ती ओहायोतून चोरीला गेली होती आणि पुढे बेल्जियममध्ये निघाली. २०१४ मध्ये गुडवुडच्या लिलावात एक कोटी पौंडांहून जास्त किंमत आली आणि त्यानंतरही खटले चालले. खरी गाडी चोरीची असू शकते, म्हणून प्रत्येक हस्तांतराचं विक्रीपत्र स्वतंत्रपणे मागा.

प्रमाणपत्रं काय सांगतात आणि काय नाही

एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट म्हणजे गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते आणि शर्यतीत उतरू शकते, एवढंच. काल बनवलेल्या गाडीलाही तो मिळू शकतो. वंशावळीची हमी तो देत नाही. फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं ओळखपत्र गाडीचं वर्णन करतं. ब्रिटनच्या डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याने वर्षानुवर्षं वापरलेल्या गुणपद्धतीत फ्रेमला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २ आणि इंजिनाला १ गुण. ८ मिळाले की जुना नंबर राहायचा. ती सरकारी सोय होती, इतिहासाचा निवाडा नव्हे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू लागला, २०,००० रुपये शुल्क भरून. पण ती वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, आणि रस्त्यावर कधीच न आलेल्या निव्वळ रेसिंग कारला पहिली नोंदणीच नसते. त्यामुळे भारतात आलेल्या अशा गाडीसाठी आयातीचे कागद हाच पाया धरा.

अहवाल

शब्द जपून वापरा. पत्रकार डेनिस जेंकिन्सन यांनी गाड्यांच्या ओळखीसाठी जी वर्गवारी केली ती आजही उपयोगी पडते: शर्यतीला आली तशीच असलेली, सलग इतिहास असलेली, मूळ भागांतून पुन्हा उभी केलेली, एखाद्याच भागाभोवती बांधलेली, हुबेहूब नक्कल, आणि जिवंत गाडीचा नंबर चोरलेली बनावट. ‘ओरिजिनल’ हा शब्द पूर्ण गाडीसाठी लिहू नका. भागानुसार लिहा: फ्रेम, फ्रेमचा पुढचा भाग, इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्सचं केसिंग, मागचा ॲक्सल, बॉडी, डॅशबोर्ड. प्रत्येकापुढे चार गोष्टी: क्रमांक, कोणत्या काळातला, या गाडीत केव्हापासून, पुराव्याची श्रेणी. फटी लपवू नका. ‘मार्च १९६३ ते १९६७: पुरावा नाही’ असं सरळ लिहा. अशी ओळ असलेला अहवाल पुढच्या खरेदीदाराला जास्त पटतो.

गाडी दुरुस्तीला जाणार असेल तर एक कलम करारातच घाला. काढलेली प्रत्येक नळी, पत्रा आणि पट्टी, गंजून चाळण झालेली असली तरी, लेबल लावून गाडीबरोबर परत मिळाली पाहिजे, आणि शिक्का असलेला तुकडा तर मालकाच्या हाती सहीने. गॅरेजच्या मागे पडलेल्या तशा एका तुकड्यावर पंधरा वर्षांनी दुसरी गाडी उभी राहते.